हरणाच्या शिकारीसाठी ठासणीची रायफल: कॅलिबर कसं निवडायचं

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. सिंधुदुर्गात भात पोटरीला आलं की रानडुकरं शेतात उतरायची, त्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती घरात आली होती. पडवीत बसून ते बार भरायचे. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग गोळी, वर पुन्हा बोळा, आणि गजानं ठासणी. ठासून झालं की गज नळीबाहेर किती बोटं राहतो ते हात लावून बघायचे. कॅलिबर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

आज मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि दर वर्षी ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी चकमकीची रायफल घेऊन जंगलात जातो. इथे त्या दिवसापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हरणांचा फ्लिंटलॉक हंगाम असतो. १९७४ साली सुरू झालेल्या या हंगामात गारगोटीच्या ठिणगीनं पेट घेणारी ठासणीची बंदूकच चालते. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या पाच-सहा मराठी मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला: “पहिली रायफल कोणत्या कॅलिबरची घेऊ?” फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार बंद आहे आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यानंही तो हक्क मिळत नाही. गावी भिंतीवर टांगलेली जुनी बंदूक डोळ्यासमोर ठेवून हा लेख वाचू नका.

पायरी पहिली: तुमच्या राज्याचं नियमपुस्तक उघडा

कॅलिबरची, म्हणजे नळीच्या पोकळीच्या व्यासाची, किमान मर्यादा राज्यागणिक बदलते. पेनसिल्व्हेनियात लांब नळीच्या बंदुकीला .४४ लागतं. व्हर्जिनियात .४५, ओहायोत .३८. कोलोरॅडोत हरणाला .४०, पण एल्क किंवा मूस या थोराड हरणांना .५०. शिवाय तिथे गोळीच्या वजनाचीही अट आहे: .४० ते .५० कॅलिबरला किमान १७० ग्रेन (हे माप पुढच्या पायरीत उलगडतो) आणि त्याहून मोठ्या कॅलिबरला किमान २१० ग्रेन. तिथल्या ठासणीच्या हंगामात सॅबोमधली, म्हणजे प्लास्टिकच्या कपात बसवलेली, गोळी चालत नाही, दारूच्या तयार वड्या चालत नाहीत आणि दुर्बीणही चालत नाही. कोलोरॅडोचा वजनाचा नियम मला मनापासून पटतो, कारण नुसतं कॅलिबर बघून काय चुकतं ते त्यात बरोबर पकडलं आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. जुलै २०१९ पासून तिथे कोणत्याही शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही. ठासणीच्या रायफलीची पारंपरिक गोल गोळी शिशाचीच असते. त्यामुळे या लेखातला गोल गोळीचा अर्धा भाग तुमच्या कामाचा नाही. तांब्याची लांबट गोळी आणि तिला मानवणारी रायफल इथूनच तुमची निवड सुरू होते.

कागदपत्रांचं म्हणाल तर केंद्रीय कायदा ठासणीच्या बहुतेक बंदुकांना आधुनिक बंदुकीच्या व्याख्येत धरत नाही. राज्यांचं मात्र तसं नाही. न्यू जर्सीसारखं राज्य यांच्यासाठीही ओळखपत्र मागतं. शिवाय व्हिसावर असलेल्या माणसासाठी बंदुकांचे नियम नागरिकांपेक्षा कडक आहेत. तुम्ही अजून व्हिसावर असाल तर दुकानात जायच्या आधी वकिलाशी अर्धा तास बोला. शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम तर करायचाच, आणि अनुभवी माणसालाही त्यात शिकण्यासारखं बरंच सापडतं.

पायरी दुसरी: कॅलिबर तोळ्या-माशात समजून घ्या

कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, इंचाच्या भागात मोजलेला. .५० म्हणजे अर्धा इंच. गोल गोळी त्याहून किंचित लहान असते. .५० च्या नळीत .४९० इंचाची गोळी बसते आणि उरलेली फट तेलकट कापडाची चकती भरून काढते. तिला पॅच म्हणतात.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि नवख्या माणसाला ग्रेनचा अंदाजच येत नाही. आपल्याला मात्र एक सोय आहे. इंग्रजांनी ठरवून दिलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. या मापानं शिशाच्या गोल गोळ्या अशा पडतात:

.४० ची गोळी ९३ ग्रेन, म्हणजे जेमतेम अर्धा तोळा.
.४५ ची १२८ ग्रेन, साडेआठ मासे.
.५० ची १७७ ग्रेन, एक तोळा.
.५४ ची २२४ ग्रेन, सव्वा तोळा.
.५८ ची २७९ ग्रेन, दीड तोळ्याच्या किंचित वर.

आता .४५ आणि .५४ शेजारी ठेवून बघा. व्यास फक्त वीस टक्क्यांनी वाढला, वजन मात्र पाऊणपट वाढलं. गोळा असल्यामुळे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. दुकानात .४५ आणि .५० या नळ्या तोंडाकडून बघितल्या तर फरक डोळ्याला जाणवतही नाही. तळहातावर दोन गोळ्या घेतल्या की लगेच जाणवतो. म्हणून माझा आग्रह आहे की रायफल हातात घेण्याआधी दुकानदाराकडून तिची गोळी मागून हातात घ्या.

पायरी तिसरी: अंतर ठरवा, आणि प्रामाणिकपणे ठरवा

माझ्या मते सगळी निवड या पायरीवर उभी आहे. लोक कॅलिबरवरून अंतर ठरवतात. करायचं उलट असतं.

गोल गोळी हवेत फार लवकर दमते. .५० ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १,८५० फुटांच्या वेगानं निघाली तर शंभर यार्डांवर ती हजार-अकराशेवर येते. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणून तिथे मूळ जोराचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. (यार्ड म्हणजे नऊवारीतला वारच. इथे सगळे यार्ड म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.) अंगाला जाणवेल असा आडवा वारा असेल तर तेवढ्याच अंतरावर गोळी वीतभर बाजूला सरकते. हरणाची छातीतली मर्माची जागा, म्हणजे दोन्ही फुप्फुसं आणि हृदय मिळून, आठ-नऊ इंचांची असते. म्हणजे वारा चुकला तर नेम बरोबर असूनही गोळी पोटात जाते.

पोटात गोळी लागलेलं हरीण काय यातना भोगतं ते ज्यानं एकदा पाहिलं, तो अंतराबद्दल पुन्हा बेफिकीर राहत नाही. मी पाहिलं आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे .४५ ची रायफल होती. हलकी, देखणी आणि रेंजवर फार अचूक. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्वदेक यार्डांवर मादी दिसली आणि मी बार काढला. गोळी छातीच्या मागच्या कडेला लागली होती. ती पळाली. बर्फावर रक्ताचे थेंब लांब लांब पडलेले. डोक्याला दिवा बांधून मी आणि शेजारचा एक म्हातारा शिकारी रात्री दहापर्यंत माग काढत होतो, तेव्हा कुठे ती एका ओढ्याच्या काठी सापडली. तो म्हातारा रागावला नाही. एवढंच म्हणाला, की ही बंदूक साठ यार्डांची आहे आणि तू तिला नव्वदावर वापरलंस.

त्यामुळे तुम्ही जिथे शिकार करणार तिथे आधी बंदुकीशिवाय जा. झाडाखाली बसा आणि हरीण नेहमी किती अंतरावर दिसतं ते मोजा. पूर्वेकडच्या ओक आणि हिकरीच्या दाट जंगलात बहुतेक संधी पन्नास यार्डांच्या आत येते. सोयाबीन किंवा मक्याच्या शेतांच्या कडेला ती शंभर-दीडशेवर जाते. पश्चिमेच्या उघड्या माळावर त्याहून लांब. तुमचं अंतर पन्नासच्या आत असेल तर गोल गोळी तुमच्यासाठी उत्तम. शंभरच्या पुढे जायचं असेल तर गोल गोळीचा विचार सोडा, मग कॅलिबर कितीही मोठं असो.

पायरी चौथी: गोल गोळी की लांबट

कोलोरॅडोच्या वजनाच्या नियमाचं मर्म इथे कळतं. गोल गोळीचा व्यास ठरला की वजनही ठरून गेलं. म्हणून तिच्या बाबतीत कॅलिबर हेच सर्वस्व. लांबट गोळीचं तसं नसतं. व्यास तोच ठेवून तिला हवं तेवढं लांब करता येतं. .५० ची शिशाची लांबट गोळी ३५० ते ३८० ग्रेनची मिळते, म्हणजे त्याच नळीतून गोल गोळीच्या दुप्पट वजन जातं.

तिसरा प्रकार सॅबोचा. प्लास्टिकच्या कपात बसवलेली, नळीपेक्षा लहान व्यासाची, टोकदार गोळी. .५० च्या नळीतून प्रत्यक्षात .४५ च्या आसपासची २४० ते ३०० ग्रेनची गोळी बाहेर पडते आणि कप वाटेत गळून जातो. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी एमके-८५ ही इनलाइन रायफल बाजारात आणली, तिथून या गोळ्यांचं चलन वाढलं. पेटवणारी टोपी सरळ दारूच्या मागे, आधुनिक दस्ता, वर दुर्बीण. आज इनलाइन रायफल घेणाऱ्यानं कॅलिबरचा फार खल करू नये. .५० घ्या. गोळ्या, सॅबो, सुटे भाग सगळं त्याच मापात सर्वात सहज मिळतं. नव्या इनलाइन .४५ मध्येही येतात आणि लांब पल्ल्यावर त्या सपाट उडतात, पण पहिल्या रायफलीला त्याची गरज नाही. इनलाइनबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. खरा निवडीचा प्रश्न गोल गोळीवाल्यांचा आहे.

पायरी पाचवी: नळीतल्या आट्यांचा फेरा बघा

ही पायरी लोक विसरतात आणि मग चांगल्या कॅलिबरला दोष देतात. नळीच्या आत मळसूत्री आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते. किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो, तो आकडा नळीवर किंवा माहितीपत्रकात दिलेला असतो.

गोल गोळीला संथ फेरा लागतो. .५० ला साठ ते बहात्तर इंचांत एक. लांबट गोळीला आणि सॅबोला जलद, अठ्ठावीस इंचांत एक. अठ्ठेचाळीस इंचांचा फेरा मधला आहे. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांच्या मैदानी रायफलींमध्ये तोच होता आणि त्यांच्या नावावर निघालेल्या आजच्या कारखानी रायफलींमध्येही बहुधा तोच असतो. त्यातून दोन्ही गोळ्या बऱ्यापैकी जातात. दोन्ही उत्तम जातील अशी अपेक्षा करू नका.

जुळणी चुकली की काय होतं? जलद फेऱ्याच्या नळीतून जास्त दारूनं गोल गोळी मारली तर पॅच आटे सोडून घसरतो आणि गोळी मनाला येईल तिकडे जाते. संथ फेऱ्यातून लांबट गोळी मारली तर ती वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखी डुलते आणि कागदावर आडवं भोक पाडते. जुनी रायफल विकत घेताना फेरा माहीत नसेल तर गजावर घट्ट पॅच लावून आत सारा, गजावर खडूनं खूण करा आणि गज ओढताना तो किती इंचांत पाव फेरा फिरतो ते मोजा. चारनं गुणलं की उत्तर हातात. त्यासाठी गजाची मूठ सैल फिरणारी हवी.

पायरी सहावी: आता एकेक कॅलिबर

.३२ आणि .३६ या खारीच्या आणि सशाच्या बंदुका. हरणासाठी विषयच नाही.

.४० काही राज्यांत हरणाला कायदेशीर आहे. अर्ध्या तोळ्याच्या गोळीनं हरीण मरतंच नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याची पहिली रायफल आहे, हात थंडीनं आखडले आहेत आणि छातीत धडधडतं आहे, अशा माणसाच्या हाती चुकीला जागा न ठेवणारं हत्यार देऊ नये.

.४५ बद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. धक्का कमी, दारू कमी, शिसं कमी आणि उड्डाण सपाट. लहान चणीच्या माणसाला किंवा धक्क्याला बिचकणाऱ्याला ती फार चांगली. चाळीस-पन्नास यार्डांवर, आडव्या उभ्या हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेली तर काम चोख होतं. पण खांद्याचं हाड मध्ये आलं किंवा हरीण तिरपं उभं असलं की साडेआठ माशांत पुरेसा जोर उरत नाही. गोळी आरपार गेली नाही तर माग काढायला रक्तही कमी पडतं. .४५ घ्यायची तर साठ यार्डांची रेघ मनात ओढून घ्या आणि तिच्या पुढचं हरीण जाऊ द्या.

.५० ही रास्त निवड आहे. बहुतेक सगळ्या राज्यांत हरणाला चालते, बहुतेक ठिकाणी एल्कलाही. गोळ्या कुठेही मिळतात. ७० ते ९० ग्रेन दारूत धक्का खांद्याला सोसवतो. पंचाहत्तर यार्डांवर नेम जुळवला तर पन्नासवर गोळी इंचभर वर लागते आणि शंभरवर तीनेक इंच खाली. म्हणजे डोळ्यांनी अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी मर्मातच राहते. कुणी मला फक्त एका वाक्यात उत्तर मागितलं तर मी .५० म्हणतो.

पण सवड असेल तर मी .५४ म्हणतो, आणि आता माझ्याकडे तीच आहे. सव्वा तोळ्याच्या गोळीला हवा कमी अडवते. शंभर यार्डांवर तिच्यात .४५ च्या जवळपास दुप्पट जोर शिल्लक असतो. मऊ शिसं हाडावर आपटून पसरतं आणि तरीही बहुतेक वेळा गोळी पलीकडून बाहेर पडते. दोन्ही बाजूंनी रक्त येतं, आणि बर्फ नसलेल्या तपकिरी पाचोळ्यावर संध्याकाळी माग काढायचा असतो तेव्हा याची किंमत कळते. गेल्या सात हंगामांत माझं कुठलंही हरीण ऐंशी यार्डांपलीकडे पळालेलं नाही. यात कॅलिबरचा वाटा आहेच, पण सत्तरच्या पुढे मी बार काढत नाही याचा वाटा मोठा आहे.

.५८ आणि .६२ या मोठ्या नळ्यांना स्वतःचा एक रुबाब आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातली १८६१ ची स्प्रिंगफील्ड रायफल .५८ ची होती. आपल्या इतिहासातली १८५३ ची एन्फिल्ड .५७७ ची, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. ती काडतुसं दातांनी फोडून दारू नळीत ओतायची असायची. मी दर वेळी पॅचला मेण आणि तेलाचं मिश्रण चोळतो तेव्हा ते आठवतंच, कारण वंगणाशिवाय ठासणीच्या रायफलीत गोळी धड खाली जात नाही आणि दारूची काजळी आट्यांत खरवडीसारखी बसते. असो. हरणाला या नळ्या गरजेपेक्षा मोठ्या आहेत. मोठी गोळी संथ निघते, कमानीसारखी उडते आणि धक्का जबर देते. तीस-चाळीस यार्डांच्या दाट रानात त्या उत्तम चालतात. पहिली रायफल म्हणून नको.

पायरी सातवी: बंदुकीचं वजन आणि तुमचा खांदा

इथे एक उलटी गंमत आहे. अष्टकोनी नळीचा बाहेरचा आकार तोच ठेवून कॅलिबर वाढवलं की आतून जास्त लोखंड जातं. म्हणून त्याच कारखान्याची, त्याच नळीची .५४ ही .५० पेक्षा हलकी असते. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर हे सुख. पण हलक्या बंदुकीतून जड गोळी निघाली की धक्का वाढतो. जाड, सरळ नळीची .४५ उलट पहारीसारखी जड लागते.

दुकानात रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच एका रेषेत नसतील तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत एक क्षण जातो. त्या क्षणात धक्क्याच्या भीतीनं डोळे मिटले की गोळी गेलीच. म्हणून तुम्हाला बिचकवणारी .५४ ही तुम्ही शांतपणे धरू शकणाऱ्या .५० पेक्षा वाईट. या बाबतीत कुणी चिडवलं तरी ऐकू नका.

पायरी आठवी: दारू आणि ठासणी

ठासणीच्या रायफलीत फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय वापरायचा. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू चिमूटभरही नको. ती घातली तर नळी फुटते आणि हात, डोळे जातात. दारू नेहमी मापानं, आकारमानाच्या हिशेबानं मोजायची आणि तुमच्या रायफलीच्या कारखान्यानं सांगितलेली कमाल मर्यादा कधी ओलांडायची नाही. वर .५० साठी दिलेले आकडे तुमच्या पत्रकाशी जुळत नसतील तर पत्रक खरं.

दाण्यांचा आकार एफ या अक्षरानं सांगतात. जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. .५० आणि त्याखाली थ्री-एफ, .५४ आणि त्यावर टू-एफ ही जुनी रीत आहे. रंजकासाठी, म्हणजे ठिणगी झेलून आतल्या बाराला पेट देणाऱ्या दारूसाठी, फोर-एफ. चकमकीच्या बंदुकीत पर्यायी दारू नीट पेटत नाही, तिथे खरी काळी दारूच हवी. ती तुमच्या भागात मिळते का ते रायफल घेण्याआधी बघा, कारण ती सगळ्या दुकानांत ठेवत नाहीत. न मिळाल्यास टोपीची, म्हणजे गारगोटीऐवजी पेटवणाऱ्या टोपीनं बार होणारी, रायफल घ्या, म्हणजे पर्यायी दारू चालेल.

सुरुवात कमी दारूनं करा. .५० ला ६० ग्रेन, मग पाच-पाचनं वाढवत जा आणि दर वेळी पाच गोळ्या कागदावर मारा. एका ठिकाणी घोळका सगळ्यात लहान होतो आणि पुढे पुन्हा पसरतो. ती तुमच्या नळीची आवड. पॅच उचलून बघत जा. कडा झिरमिळ्या झाल्या असतील पण मध्य शाबूत असेल तर ठीक. मधे जळून भोक पडलं असेल तर जाड कापड घ्या. कापड शुद्ध सुती हवं. गादीच्या खोळीचं घट्ट विणीचं कापड इथले जुने लोकही वापरतात. कृत्रिम धागा नळीत वितळून चिकटतो.

डब्यातून थेट नळीत दारू ओतू नका. आधीच्या बारातली एखादी ठिणगी आत जिवंत असली तर सगळा डबा हातात पेटेल. आधी मापात, मग नळीत. आणि गोळी दारूवर पक्की टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बार होताना नळी फुगते, फुटतेही. यासाठी रिकाम्या नळीत गज टाकून तोंडाशी एक खूण करा आणि ठरलेला बार भरल्यावर दुसरी. पुढे दर वेळी ठासून झालं की दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली का बघायचं. आजोबा गज नळीबाहेर किती बोटं राहतो ते बघायचे, ते हेच. दोनदा दारू भरली गेली किंवा दारूच राहून गेली तर ही खूण लगेच सांगते.

गोळी मऊ, शुद्ध शिशाची घ्या. गाडीच्या चाकाच्या जुन्या वजनांचं शिसं स्वस्त मिळतं, पण ते कडक असतं आणि शरीरात पसरत नाही. साचा घेऊन गोळ्या घरी ओतणार असाल तर उघड्या हवेत, मुलांपासून लांब, आणि स्वयंपाकाच्या भांड्यात कधीही नाही.

पायरी नववी: कागदी थाळीची परीक्षा

रायफल आली, दारू ठरली, पॅच ठरला. आता आठ इंचांची साधी कागदी थाळी घ्या, वाढदिवसाला केक द्यायला वापरतो ती. पंचवीस यार्डांवर टांगा. टेबलावर टेकून नव्हे, जंगलात जसं बसाल तसं, गुडघ्यावर कोपर टेकवून किंवा झाडाला पाठ लावून पाच बार काढा. पाचही थाळीत लागले तर चाळीस यार्डांवर जा. मग पन्नास, साठ, पंचाहत्तर. ज्या अंतरावर पाचातली एक जरी थाळीबाहेर गेली, त्याच्या आधीचं अंतर तुमचं. हातमोजे घालून, जाड कोट घालून हीच परीक्षा पुन्हा द्या, कारण डिसेंबरात तुम्ही टी-शर्टमध्ये नसाल. माझं अंतर कोट घातल्यावर पंधरा यार्डांनी कमी झालं होतं.

तो आकडा एका चिकटपट्टीवर लिहून दस्त्याच्या आतल्या बाजूला, गाल टेकतो तिथे चिकटवा. माझ्या .५४ वर अजूनही जुनी पट्टी आहे, कडा उचकटलेल्या, आकडा सत्तर.